नाक, नाका आणि नाकी नऊ

भाचा सुट्टीला आलाय आमच्याकडं, पुण्यातल्या इंग्रजी मीडियमचं पोरगं. परवा कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये कंडक्टरला म्हटलं दोन द्या फुलेवाडी नाका, तर हा पठ्ठ्या मोठ्यानं विचारतोय, मामा, कुणाच्या नाकावर उतरायचं? अर्धी बस हसली. मी पण हसलो, पण रात्री डोक्यातनं काय ते जाईना म्हणून इथं टाकतोय.

तसं पोराचं लई चुकलं नाही. गावात शिरायच्या तोंडावर जकात घ्यायला जिथं बसायचे तो नाका. जकात गेली, टोल तर कोल्हापूरकरांनी रस्त्यावर उतरून घालवला, पण शिरोली नाका, फुलेवाडी नाका ही नावं हाईत तशीच. पोलीस करतात ती नाकाबंदी ह्या नाक्याची, आपल्या नाकाची नव्हे, परिणाम मात्र एकच, नाक दाबलं की तोंड उघडतंय.

आता खरी गंमत बघा. नाकाचं काम वास घ्यायचं, पण मराठीत नाकाचे वाक्प्रचार काढून बसलो तर वासाचा जेमतेम एक सापडला, नाक मुरडणे, आणि तो पण आता आवडनिवडीसाठीच वापरतात. नाकाला मिरच्या झोंबणे म्हणाल तर उन्हाळ्यात गल्लीत संकेश्वरी मिरचीची चटणी कुटायला लागल्यावर झोंबतात त्या खऱ्या, म्हणीतल्या मिरच्या कुणी खरं बोललं की झोंबतात. बाकी सगळं एकतर जीवावरचं नाहीतर अब्रूवरचं.

जीवाचं म्हणजे नाकी नऊ येणे. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन अशी शरीराची नऊ दारं, गीतेत पण नवद्वार म्हटलंय, त्या नऊच्या नऊ दारांचा जीव गोळा होऊन नाकाशी आला म्हणजे आता फक्त श्वास तेवढा उरला, असा अर्थ सांगतात आणि मला तरी तो पटतो. (पोरांच्या ॲडमिशनला आपण हा शब्द वापरतो ते जरा जास्तच होतंय.) नाकाशी सूत धरून बघणे पण त्यातलंच. आणि नाकातोंडात पाणी जाणे आम्हाला वेगळं सांगायला नको, पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाची धोका पातळी ओलांडली की निम्मं गाव हाच शब्द बोलतंय.

अब्रूचं तर विचारूच नका. नाक कापलं गेलं, नाक घासायला लावलं, नाक वर करून फिरतोय, नाकावर टिच्चून केलं. शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा म्हणून नाशिक, असं सांगतात, म्हणजे एका अख्ख्या शहराचं नाव त्यावर. नाकापेक्षा मोती जड ही म्हण आमची आज्जी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, नथ बघताना नाही, तर नव्या मोटारीचा हप्ता ऐकून म्हणायची. आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ह्यात त्या नकटीचा काय दोष ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

संस्कृतात नाक म्हणजे चक्क स्वर्ग, अमरकोश ह्या जुन्या संस्कृत कोशात स्वर्गाच्या नावांच्या पहिल्याच ओळीत आहे. अक म्हणजे दुःख, ते जिथं नाही तो नाक. आषाढात सर्दी झालेल्या माणसाला हे सांगून बघा.

नाकारणे, नाकर्ता ह्यांचा मात्र नाकाशी काही संबंध नाही हं, तिथं नुसता ना आहे. भाच्यानं तेही विचारलंच होतं.

एक राहिलं. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, बैल सजवताना नाकातली दोरी नवी घालतात, तिला आमच्याकडं वेसण म्हणतात. तुमच्या गावाकडं वेसणच का दुसरा काय शब्द हाय?