आइस डान्स (बर्फावर स्केट्स घालून जोडीने करायचं नृत्य) : दोन हंगाम अडकलेली जोडी मोडावी की टिकवावी? (मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

हिमरेषा
सीनियर गटात येऊन दोन हंगाम झाले आणि तरी गुण तिथल्या तिथेच घुटमळत असतील, तर जोडी मोडावी असं माझं स्पष्ट मत आहे. नवं संगीत, नवा कोरिओग्राफर असं करत तिसरा हंगाम घालवू नये. अमेरिकेची मॅडिसन चॉक २००९ मध्ये आणि अमेरिकेचाच इव्हान बेट्स २००८ मध्ये ज्युनियर विश्वविजेते झाले, पण वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. २०११ मध्ये दोघं एकत्र आले आणि पुढे २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं त्यांनी मिळवली.

कोण कमी पडतंय हे आता कागदावरच दिसतं. ट्विझल (एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकणं) आणि स्टेप सिक्वेन्स (पावलं आणि वळणांची सलग मालिका) यांत तांत्रिक पॅनल दोघांची लेव्हल, म्हणजे एक ते चार अशी काठिण्यपातळी, वेगवेगळी देतं. दोन हंगामांची गुणपत्रकं शेजारी ठेवा. एकाला कायम तीन-चार आणि दुसऱ्याला कायम एक-दोन मिळत असेल, तर आणखी काय पुरावा हवा?

खोल गुडघा
तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. चॉकच्या आधीच्या जोडीदाराने २०११ मध्ये निवृत्ती घेतली होती, तिने गुण वाढत नाहीत म्हणून जोडी मोडली नव्हती. आणि २०११ ते २०२३ ही बारा वर्षं विसरू नका. २०१५ ला जागतिक रौप्य, २०१६ ला कांस्य, आणि त्यानंतर थेट २०२२ पर्यंत जागतिक स्पर्धेत एकही पदक नाही. तुमचा दोन हंगामांचा नियम लावला असता तर ही जोडी २०१८ लाच संपली असती.

गुणपत्रकाबद्दल. त्यात लेव्हल कुणाची गेली एवढंच कळतं, का गेली ते कळत नाही. रॉकर हे वळण घ्या. एकाच पायावर पुढून मागे वळायचं, पात्याची कड बाहेरची असेल तर बाहेरचीच ठेवायची, पण वर्तुळ बदलायचं. वळणाआधी गुडघा खाली, टोकाला वर, बाहेर पडताना पुन्हा खाली. किलियन पकडीत दोघं शेजारी शेजारी, कंबरेला कंबर लागलेली. त्याचा गुडघा किंचित जरी आधी सरळ झाला, तरी त्याच्याबरोबर तिचा खांदा वर ओढला जातो आणि वळणाच्या टोकाशी पोहोचण्याआधीच तिचं पातं सपाट होतं, म्हणजे दोन्ही कडा बर्फाला टेकतात. बर्फ पाहा, एका रेघेऐवजी दोन समांतर रेघा दिसतील. पॅनल ते वळण धरत नाही. चूक त्याची आणि लेव्हल तिची गेली.

यावर साधी चाचणी आहे. तोच क्रम पकड सोडून दोघांकडून एकेकट्याने करून घ्या. एकटी स्वच्छ करत असेल तर दोष पकडीत आहे आणि त्यावर काम करता येतं. एकटीही चुकत असेल तर मग हिमरेषा म्हणतात त्यावर बोलू.

पातं
त्याही आधी दोघांच्या पात्यांचा खोलवा तपासा. दोन कडांच्या मधली खाच खोल असेल तर पकड चांगली मिळते, पण घसरण कमी होते. उथळ असेल तर उलट. एकाची खोल आणि दुसऱ्याची उथळ असली की लांब एजवर (एकाच कडेवरच्या लांब घसरणीत) एक जण मागे पडत राहतो आणि पकडीत ताण येतो. लोक त्याला ‘ताळमेळ नाही’ म्हणतात. दोघांचं सारखंच हवं असं नाही, वजन वेगळं असतं. पण एकाची धार कालची आणि दुसऱ्याची महिन्यापूर्वीची, अशा स्थितीत जोडीबद्दल निकाल देऊ नये.

हिमरेषा
एकेकट्याची चाचणी मान्य, ती आधी व्हायलाच हवी. पण काही गोष्टी सरावाने बदलत नाहीत. पायांच्या लांबीत फार फरक असेल तर मोकळ्या (हवेतल्या) पायाची रेषा कधीच जुळत नाही. लिफ्टचंही तेच. छोट्या लिफ्टला ७ सेकंद आणि जोड लिफ्टला (दोन छोट्या लिफ्ट जोडून केलेल्या) १२ सेकंद मिळतात, वेळ ओलांडली की १ गुण जातो. तिला उचलून ठरलेल्या स्थितीत पोहोचवायलाच तीन सेकंद जात असतील, तर अवघड स्थिती पुरेसा वेळ धरून ठेवायला काही उरतच नाही. कॅनडाचे ऑलिंपिक विजेते व्हर्च्यू-मोइर १९९७ पासून एकत्र होते, ते सात आणि नऊ वर्षांचे असल्यापासून. जोडी टिकवा म्हणताना त्यांचा दाखला अठराव्या वर्षी जुळलेल्या जोडीला लावता येत नाही.

दुसरी घंटा
‘जोडीदार बदला’ हा सल्ला मुलाला आणि मुलीला सारखा लागू होत नाही, हे इथे कुणीच बोललं नाही. या खेळात मुली जास्त आणि मुलगे कमी. जोडी मोडली की मुलाला पर्याय मिळतात, मुलगी मात्र कित्येकदा हंगामच्या हंगाम एकटी सराव करत राहते, नाहीतर दुसऱ्या देशाचा जोडीदार शोधते. तिथे नियम आडवे येतात. आधीच्या देशाकडून खेळलेल्या स्केटरला त्या संघटनेची परवानगी लागते आणि बारा महिने थांबावं लागतं. जागतिक स्पर्धेसाठी दोघांपैकी एकाचं नागरिकत्व पुरतं, ऑलिंपिकला दोघांचं लागतं. कॅनडात जन्मलेल्या टॅनिथ बेल्बिनला अमेरिकेचं नागरिकत्व २००५ च्या अगदी अखेरीस मिळालं, म्हणून २००६ च्या तुरिनमध्ये बेन अगोस्टोबरोबर तिचं रौप्य शक्य झालं. शिवाय जागतिक स्पर्धेचा किमान तांत्रिक स्कोअर (प्रवेशासाठी लागणारे गुण) नव्या जोडीला पुन्हा मिळवावा लागतो.

त्यामुळे मोडण्याचा निर्णय ऑलिंपिकच्या आदल्या हंगामात घेणं मला साफ चुकीचं वाटतं. घ्यायचाच असेल तर ऑलिंपिक संपल्यावर लगेच घ्या.

खोल गुडघा
या वेळापत्रकाशी सहमत. आणि मोडलीच, तर ट्रायआउट (नव्या जोडीदाराबरोबरची चाचणी) तरी नीट घ्या. बहुतेक जण पहिल्याच दिवशी लिफ्ट करून बघतात आणि ती जमली की हुरळून जातात. क्रम उलटा हवा. आधी दहा मिनिटं बंद पकडीत (समोरासमोर धरून) नुसतं स्ट्रोकिंग, म्हणजे साधी पावलं टाकत घसरणं, दोन्ही दिशांनी. बर्फाच्या पातळीवरून, बाजूने चित्रीकरण करा आणि दोघांचे गुडघे एकाच क्षणी वाकतात का ते बघा. मग दोघांना येत असलेला एखादा पॅटर्न डान्स (ठरलेल्या पावलांचा नाच). मग शेजारी शेजारी ट्विझल, दोन्ही दिशांनी. एकाचा ट्विझल पुढे सरकत राहतो आणि दुसऱ्याचा जागच्या जागी फिरू लागतो का, इकडे लक्ष ठेवा, कारण सरकणं थांबलं की तो ट्विझल राहत नाही. लिफ्ट सगळ्यात शेवटी, तीही सोपी. हे सगळं दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी पुन्हा करा. फ्री डान्स (स्पर्धेतला जोडीने स्वतः बसवलेला लांब नाच) चार मिनिटांचा असतो आणि शेवटच्या मिनिटात कुणाचा गुडघा आधी सरळ होतो, हे ताज्या पायांनी केलेल्या ट्रायआउटमध्ये दिसत नाही.