माल लोखंडाचा, तरी पॅलेटवर ठप्पा कशाला?

पीथमपूर_डिस्पॅच: गिअरचे सुटे भाग न्हावाशेवामार्गे हॅम्बुर्गला जायचेत. इंदूरचा सुतार कच्च्या लाकडाची पॅलेटं (माल रचायचे फळ्यांचे पाट) स्वस्तात देतोय, पण ग्राहक गव्हाच्या लोंबीचा ठप्पा मागतो. लोखंडाला कसली कीड? वरून फवारणी केली तर भागेल का?

लाकूडपारखी: नाही भागणार. अळी फळीच्या आत असते, फवारा वरच राहतो. आशियाई लांबशिंगी भुंगेरा चीनहून आलेल्या खोक्यांच्या लाकडातूनच अमेरिकेत शिरला. 1996 मध्ये ब्रुकलिनच्या झाडांवर सापडला. खोक्यात माल काय होता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आयएसपीएम 15 हा लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम त्यासाठीच, आणि लोंबीचा ठप्पा म्हणजे त्याप्रमाणे लाकडातली कीड मारल्याची खूण.

भट्टीत लाकडाच्या गाभ्याला 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं मिळायला हवीत. गफलत इथेच होते: भट्टीची हवा 56 वर गेली की लोक घड्याळ लावतात. सेन्सर सर्वांत जाड फळीच्या गाभ्यात घाला आणि भोक नीट बुजवा. फट राहिली तर गरम हवा आत जाऊन आकडा खोटा चढतो.

धुरीवाला_इंदूर: भट्टीऐवजी मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरीही चालते. तापमान 21 अंश किंवा वर असेल तर घनमीटरला 48 ग्रॅम, 24 तास. पण धरायचं ते या 24 तासांतलं सर्वांत कमी तापमान, दुपारचं नव्हे. आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा 10 ते 15.9 मध्ये आला की मात्रा 64 ग्रॅम, आणि शेवटी घनमीटरला 32 ग्रॅम वायू शिल्लक दिसलाच पाहिजे. 10 च्या खाली धुरी देऊच नका. साल आधी काढा. पॅलेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून मग धुरी देणं म्हणजे पैसे वाया, वायू लाकडापर्यंत पोचतच नाही. विषारी वायू आहे, मान्यताप्राप्त एजन्सीकडूनच करून घ्या.

पीथमपूर_डिस्पॅच: गोदामात ठप्पा असलेली जुनी पॅलेटं पडलीत. दोन-चार फळ्या बदलून वापरू?

लाकूडपारखी: एक तृतीयांशापर्यंत बदल असेल तर नव्या फळ्या प्रक्रिया केलेल्याच हव्यात आणि प्रत्येकीवर वेगळा ठप्पा. त्याहून जास्त बदल झाला तर जुने ठप्पे खोडून अख्खं पॅलेट पुन्हा भट्टीत. ठप्पा लाल किंवा नारिंगी नको, आणि शक्यतो समोरासमोरच्या किमान दोन बाजूंवर हवा. एवढी झंझट नको असेल तर प्लायवूडची पॅलेटं घ्या, त्यांना हा नियम लागू नाही.

धुरीवाला_इंदूर: आणि माल हलू नये म्हणून कंटेनरच्या तळाला ठोकता ते लाकडी गुटके? त्यांच्यावरही ठप्पा लागतो. पॅलेटं चोख आणि गुटके बाजारातून उचललेले, असं सर्रास दिसतं.