यूआरएलच्या स्लगमध्ये देवनागरी ठेवावी की रोमन?

लोअरपरळ_डेव्ह: मुंबईच्या विभागवार बातम्यांची साइट जँगोवर (पायथॉन भाषेतलं वेब फ्रेमवर्क) बांधतोय. मथळ्यावरून स्लग बनवायचाय, म्हणजे यूआरएलच्या शेवटी येणारं बातमीचं नाव. ‘भायखळ्यात पाणीकपात’ हा मथळा जँगोच्या स्लगिफाय फंक्शनला दिला की रिकामी स्ट्रिंग हातात येते, कारण आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांपलीकडचं, सगळं ते गाळून टाकतं. युनिकोडला, म्हणजे इतर लिप्यांनाही, परवानगी दिली तर ‘भयखळयत-पणकपत’! पायथॉनचं रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधणारं साधन) काना-मात्रांना अक्षरच समजत नाही. तरीही माझं मत ठाम आहे: फंक्शन स्वतः लिहावं लागलं तरी चालेल, स्लग देवनागरीतच हवा. मराठी विकिपीडियाचे पत्ते देवनागरीतच आहेत, आणि नीट चालतात.

भांडुपकर: असहमत. तोच दुवा ब्राउझरमधून कॉपी करून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बघा. देवनागरीच्या जागी टक्क्याच्या खुणांचे कोड दिसतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, आणि टक्क्याच्या खुणेसकट प्रत्येक बाइटला ३ जागा. तुमच्या दोन शब्दांचा स्लग १५४ जागा खातो. आमच्याकडची वयस्कर मंडळी असला दुवा बघून फसवणूक समजतात, उघडतच नाहीत. साइट बनवायचं वर्डप्रेस तर स्लग २०० जागांवर कापतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. रोमन करा.

लोअरपरळ_डेव्ह: रोमनमध्ये ‘शीव’ आणि ‘शिव’ एकच, ‘काल’ आणि ‘काळ’ही एकच. मागे आकडे चिकटवत बसायचं का? शिवाय रोमनमध्ये शोधणारा शीवसाठी सायन टाइप करतो, भायखळ्यासाठी बायकला टाइप करतो. यंत्राचं लिप्यंतर त्यालाही उपयोगाचं नाही.

ठाण्याची_कोडवाली: स्लगवर एवढा भार टाकूच नका. पत्त्यात आधी बातमीचा आयडी, मग स्लग. शोध आयडीवरच घ्या, स्लग चुकला तर ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचा सर्व्हरचा संकेत) बरोबर पत्त्यावर पाठवा. शेअर बटणाला नुसता आयडीचा छोटा दुवा द्या. आणि देवनागरी ठेवणार असाल तर आधी एनएफसी कराच, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करा. ‘वाऱ्या’मधला ऱ कधी एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक) असतो, कधी र अधिक नुक्ता. दिसतो सारखाच, पत्ते मात्र दोन होतात.

भांडुपकर: आयडीचं पटलं. यंत्राचं लिप्यंतर नको, हेही पटलं. मग डेस्कवरच्या माणसाने रोमन स्लग हाताने लिहावा. सर्व्हर लॉगमध्ये टक्क्यांच्या रांगा वाचत बग शोधणं फार त्रासाचं आहे.

लोअरपरळ_डेव्ह: आयडी घेतो, एनएफसीही. मात्रा टिकवायला युनिकोडचा मार्क वर्ग (अक्षराला जोडून येणाऱ्या चिन्हांचा) अक्षरांच्या जोडीला धरला की झालं. लॉगसाठी डीकोड करणारी एक ओळ पुरते. तेवढ्यासाठी वाचकाच्या ॲड्रेस बारमधली मराठी मी काढणार नाही.