आडनावाचं नाव करणं नवीन नाहीये

वर कोणीतरी लिहिलंय की लेखकांची आडनावं बाळांना ठेवणं हे हल्लीचं फॅड आहे, पण तसं नाहीये हो, न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू कुटुंबांनी शंभरेक वर्षांपूर्वीच मुलांची नावं मिल्टन (कवी जॉन मिल्टन यांचं आडनाव), अर्व्हिंग (लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग यांचं) अशी ठेवली होती, अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन (जन्म १९१२) त्यातलेच. मला सगळ्यात आवडतं ते ब्राँटे, म्हणजे शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या इंग्रज लेखिका बहिणींचं आडनाव. बायकांच्या लिखाणाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात म्हणून त्या तिघी बहिणींनी १८४६ साली कविता छापताना बेल असं खोटं आडनाव लावलं, आणि आज त्यांचं खरं आडनाव लोक मुलींना कौतुकानं ठेवतात, खरंच भरून येतं. आणि ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका हार्पर ली यांचं हार्पर तर मधलं नाव, त्यांच्या बहिणीचा जीव वाचवणाऱ्या डॉक्टरांच्या आडनावावरून ठेवलेलं!