घात नीगनने नाही, कार्लच्या मृत्यूने केला
खलनायक नीगन आल्यापासून 'द वॉकिंग डेड' ही झोंबींवरची मालिका घसरली, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. मला नाही पटत. नायक रिकच्या गटातल्या ग्लेनचा मृत्यू बघवत नाही हे खरं, पण मूळ कॉमिकमध्येही तो नीगनच्याच हातून मरतो. खरा घात झाला आठव्या सीझनमध्ये, रिकच्या मुलाला, कार्लला मारलं तेव्हा. कॉमिकमध्ये कार्ल शेवटपर्यंत जगतो. जुलै २०१९ला आलेल्या १९३व्या, म्हणजे अखेरच्या अंकात तो बाप झालाय, मुलीचं नाव आंद्रेआ, आणि वॉकर (म्हणजे झोंबी) आता क्वचितच दिसतात. रिकने एवढं सगळं कोणासाठी सोसलं, याचं उत्तर तिथे मिळतं. मालिकेने ते दार स्वतःच लावून घेतलं.

त्याचे परिणाम पुढे दिसतातच. कॉमिकमध्ये लिडिया नावाची मुलगी जीव लावते कार्लला. मालिकेत कार्लची ती जागा हेन्री या मुलाला दिली. त्याच्याशी आपली ओळख जेमतेम, मग ते नातं मनाला भिडणार कसं? नवव्या सीझनपासून मालिकेची सूत्रं हाती घेतलेल्या अँजेला कांग यांनी बरंच सावरलं, हे मात्र मान्य करायलाच हवं. कथेत सहा वर्षं पुढे उडी मारून कार्लच्या बहिणीच्या, चिमुकल्या ज्युडिथच्या डोक्यावर कार्लची ती हॅट दिसली, तेव्हा मला भरून आलं होतं.