एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतोय पण मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, काय समजायचं?

दांडियाबाजारची सून

नमस्कार मंडळी, सासऱ्यांबद्दल विचारायचंय. वय ६८, आम्ही वडोदऱ्यात जुन्या घरात राहतो. रविवारी दुपारी चारच्या सुमारास बाबांना एकदम हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, दोन ब्लँकेटं आणि वर आजेसासूबाईंची गोधडी घातली तरी पलंगाची फळी खडखडत होती. पाऊण तासाने थंडी गेली आणि अंग असं तापलं की हात ठेववेना, १०४ ताप. रात्री दरदरून घाम, दोनदा बनियन बदललं, आणि सोमवारी सकाळी उठून म्हणतात चहा टाक गं, मी बरा आहे. मंगळवारी चारला परत तेच. काल बुधवारी रिपोर्ट केले, डेंग्यू निगेटिव्ह, मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, प्लेटलेट ९२ हजार. घरात सगळे म्हणतायत व्हायरल आहे, पपईच्या पानांचा रस द्या. आज गुरुवार, सकाळपासून माझं लक्ष घड्याळाकडे आहे. कुणाला असा अनुभव आहे का?

स्लाइडवाला, कारेलीबाग

ताई, अठरा वर्षं लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसतोय म्हणून सांगतो, एका निगेटिव्ह स्लाइडवर मलेरिया नाही असं धरून चालू नका. रक्तात जंतू कमी असले तर निसटतात, म्हणून दर १२ ते २४ तासांनी अशा तीन स्लाइड बघायच्या असतात. तुम्ही थंडी, मग ताप, मग घाम असं लिहिलंय ना, तो अगदी व्हायवॅक्सचा, म्हणजे मलेरियाच्या एका प्रकाराचा, क्रम वाटतो. त्याचे जंतू लाल पेशीत ४८ तास वाढतात आणि मग पेशी फोडून सगळे एकदम बाहेर पडतात, त्या वेळी ही हुडहुडी भरते. पण आजाराच्या सुरुवातीला पुष्कळांना रोजच ताप असतो, तेव्हा एक दिवसाआड नाही म्हणून मलेरिया नाही असंही कुणी समजू नये. आणि प्लेटलेट मलेरियातही उतरतात, फक्त डेंग्यूत नाही. आज थंडी सुरू झाली की लगेच रक्त द्या, स्लाइड आणि किट (झटपट चाचणी) दोन्ही करायला सांगा, सरकारी अर्बन हेल्थ सेंटरवर फुकट होतं. ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखं काही मनाने देऊ नका. रसावर वेळ घालवू नका, कळकळीने सांगतोय.

मांजलपूरची वहिनी

मला फक्त एवढंच सांगायचंय की तापाचा ताल बघत बसू नका. माझा दीर जंगलातल्या साइटवर कामाला होता, घरी आल्यावर दहाएक दिवसांनी ताप सुरू झाला, रोज चढलेलाच, ना थंडी ना घाम, नुसत्या उलट्या आणि डोकेदुखी, आम्ही म्हटलं बाहेरचं खाणं बाधलं असेल आणि तीन दिवस घालवले. चौथ्या रात्री तो मला आई म्हणून हाक मारायला लागला, डोळे पिवळे, लघवी अगदी थोडी आणि काळपट. फॅल्सिपॅरम निघाला, मलेरियाचा जास्त घातक प्रकार. आयसीयूत आर्टेसुनेटची इंजेक्शनं दिली म्हणून वाचला. बाबांना गुंगी, असंबद्ध बोलणं, धाप, झटका, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या. त्यांचं वयही आहे.

वाडीचा पतंगवाला

व्हायवॅक्स निघालाच तर गोळ्या पुऱ्या करा प्लीज. मला श्रावणात झाला होता, तीन दिवस क्लोरोक्विन घेतलं, ताप गेला, आणि १४ दिवसांची प्रायमाक्विन मी चौथ्या दिवशी सोडून दिली कारण ॲसिडिटी व्हायची. उत्तरायणला गच्चीवर फिरकी धरून उभा होतो आणि तीच हुडहुडी. नवीन डास चावलाच असं नाही, डॉक्टर म्हणाले जंतू यकृतात झोपून राहतात, ते मारायलाच ती गोळी असते. मात्र त्याआधी जी६पीडी नावाची रक्ताची टेस्ट करून घ्या, ते एन्झाइम कमी असलं तर त्या गोळीने लाल पेशी फुटतात. आमच्या आजी मलेरियाला कोयनेल एवढंच औषध माहीत असलेल्या काळातल्या, त्या म्हणायच्या हिवताप पाहुण्यासारखा परत येतो.

दांडियाबाजारची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. चार वीसला थंडी सुरू झाली, ह्यांनी स्कूटरवर न नेता रिक्षा बोलावली, रक्त दिलं. किटवर व्हायवॅक्स आला, संध्याकाळी स्लाइडही पॉझिटिव्ह. क्लोरोक्विन सुरू केलंय, जी६पीडीचं सॅम्पल गेलंय, तो रिपोर्ट आला की डॉक्टर प्रायमाक्विनचं ठरवणार. बाबा शुद्धीवर आहेत, लघवी नीट आहे, आत्ता मऊ भात खाल्ला.

अजून एक, स्लाइडवाले दादा. ह्यांनी बॅटरी घेऊन अंगणातलं पाण्याचं टाकं बघितलं, झाकणाचा एक कोपरा तुटलेला आहे, आणि आत पाण्याच्या वर आडव्या, काडीच्या तुकड्यांसारख्या अळ्या. डेंग्यूच्या असतील का?

स्लाइडवाला, कारेलीबाग

नाही ताई, डेंग्यूच्या डासाची अळी पाण्यात तिरकी, डोकं खाली करून लटकते. आडवी पडून राहते ती ॲनोफिलीसची, मलेरियाचा डास तोच, स्वच्छ पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. टाकं उद्याच उपसून घासून कोरडं करा, झाकण बदला, आणि बाबांना आजपासून मच्छरदाणीत झोपवा म्हणजे त्यांच्याकडून घरात दुसऱ्या कुणाला जाणार नाही. घरातल्या कुणालाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त.

दांडियाबाजारची सून

मच्छरदाणी माळ्यावरून काढली, एका बाजूला भोक होतं ते आत्ता शिवतेय.