करार कायदा: पुस्तक आधी की मूळ कायदा आधी? (मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी)

प्रश्न · खानापूर_रोड

नमस्कार. एलएलबी पहिल्या सेमिस्टरला आहे, शिक्षण मराठीतून झालं. करार कायद्यासाठी समोर तीन पुस्तकं आहेत: इंग्रजी जाडजूड टेक्स्टबुक, पुण्याहून आणलेलं मराठी पुस्तक आणि धारवाडकडचं कन्नड गाईड. तिन्हींत क्रम वेगळा, शब्द वेगळे. मराठी पुस्तकात सगळ्यालाच 'करार' म्हटलंय. इंग्रजीत प्रत्येक मुद्द्याखाली दहा-बारा केसेस. वाचताना समजतं, पण दोन दिवसांनी व्हॉइड आणि व्हॉइडेबलमधला फरक कुणी विचारला तर सांगता येत नाही. प्रॉब्लेमचा प्रश्न आला की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. सुरुवात कशी करावी, जाणकारांनी सांगा.

उत्तर · कलम_वाचक

तिन्ही पुस्तकं आठवडाभर बाजूला ठेवा. इंडिया कोड या सरकारी साइटवरून १८७२ च्या कायद्याचा मूळ इंग्रजी मजकूर फुकट मिळतो. त्यातली पहिली ७५ कलमं छापून घ्या, कागदाच्या एकाच बाजूला, म्हणजे समोरच्या कोऱ्या पानावर मराठीत लिहिता येईल. ७६ ते १२३ आणि २३९ ते २६६ ही कलमं आता या कायद्यात नाहीत. पहिली १९३० च्या मालविक्री कायद्यात गेली, दुसरी १९३२ च्या भागीदारी कायद्यात. त्यामुळे कायदा दिसतो तेवढा मोठा नाही.

तुमचा गोंधळ वाचण्यातला नाही, शब्दांतला आहे. कलम २(ई) मध्ये अॅग्रीमेंट आहे आणि २(एच) मध्ये काँट्रॅक्ट. कायद्याने अंमल करता येतो ते काँट्रॅक्ट, बाकी नुसतं अॅग्रीमेंट. अख्खं कलम १० या दोघांमधली पायरी सांगण्यासाठी आहे: मोकळी संमती, पात्र पक्ष, कायदेशीर प्रतिफल (कन्सिडरेशन, म्हणजे वचनाचा मोबदला), कायदेशीर उद्देश, आणि कायद्याने स्पष्टपणे शून्य न ठरवलेलं. आता दोन्हींना 'करार' म्हटलं तर कलम १० चं वाक्य 'सगळे करार हे करार असतात, जर...' असं होतं, आणि त्यातून काय समजणार? शासकीय मराठीत काँट्रॅक्टला 'संविदा' हा वेगळा शब्द आहे. तो बोलण्यात येत नसला तरी वहीत तोच वापरा.

तसंच 'रद्द' हा शब्द वहीतून काढूनच टाका. व्हॉइड म्हणजे शून्य: कायद्याच्या नजरेत तिथे काही नाहीच. व्हॉइडेबल म्हणजे शून्यकरणीय: संविदा आहे, चालू आहे, पण एका पक्षाच्या हातात ती मोडायची मुभा आहे. बळजबरी, कपट, चुकीचं निवेदन झालं तर कलम १९ प्रमाणे शून्यकरणीय, अवाजवी दबाव असेल तर १९अ. दोन्ही पक्षांची महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल चूक असेल तर कलम २० प्रमाणे शून्य. फसवला गेलेला गप्प बसला तर संविदा चालूच राहते, हे 'रद्द' म्हटल्यावर दिसत नाही.

'हमी'चंही तेच. आपल्याकडे इंडेम्निटीलाही हमी म्हणतात, गॅरंटीलाही. कलम १२४ (इंडेम्निटी) मध्ये दोन माणसं असतात आणि १२६ (गॅरंटी) मध्ये तीन: सावकार, मूळ ऋणको आणि जामीन. माणसं मोजली की चूक होत नाही.

कलम २ ला तीन दिवस द्या. २(डी), म्हणजे प्रतिफलाची व्याख्या, नमुन्यादाखल घ्या. ते वाक्य तोडून चार ओळींत लिहा:

वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून
वचन घेणाऱ्याने किंवा दुसऱ्या कोणीही
काही केलंय, करतोय किंवा करायचं वचन देतोय
(किंवा काही न करण्याचं)

आता केसेस आपोआप जागेवर बसतात. दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव (अलाहाबाद, १८८०) पहिल्या ओळीची: बाजार कलेक्टरच्या सांगण्यावरून बांधला, दुकानदारांच्या नव्हे, म्हणून त्यांच्या कमिशनच्या वचनाला प्रतिफल नाही. चिन्नया विरुद्ध रामय्या (मद्रास, १८८२) दुसऱ्या ओळीची: प्रतिफल आईकडून आलं, तरी मुलीने दिलेलं वचन बांधील. 'केलंय' या भूतकाळामुळे आधी केलेलं कामही आपल्याकडे प्रतिफल ठरू शकतं. इंग्लंडमध्ये यातल्या शेवटच्या दोन गोष्टी (तिसऱ्याने दिलेलं प्रतिफल आणि आधीचं काम) चालत नाहीत. टेक्स्टबुक इंग्लिश केस आधी देतं आणि 'भारतात वेगळं आहे' हे खाली एका ओळीत, तिथेच बरेच जण घसरतात.

उत्तर · निपाणी_नाका

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. त्यात कलम ४ आणि ५ ची (प्रस्ताव-स्वीकार कधी पूर्ण होतात, कधी मागे घेता येतात) भर घालतो, कारण ती नुसती वाचून डोक्यात राहत नाहीत. वारांचा तक्ता काढावाच लागतो.

निपाणीचा व्यापारी बेळगावच्या माणसाला माल विकण्याचा प्रस्ताव पत्राने पाठवतो. बेळगावकर बुधवारी सकाळी ११ ला स्वीकाराचं पत्र पोस्टात टाकतो. पत्र निपाणीत शुक्रवारी पोचतं.

निपाणीकर बुधवारी ११ पासूनच बांधला गेला, पत्र त्याच्या हाती पडो न पडो. बेळगावकर मात्र शुक्रवारी पत्र पोचल्यावर बांधला जातो, म्हणून गुरुवारी रात्री फोन करून तो स्वीकार मागे घेऊ शकतो. निपाणीकराने मंगळवारीच माघारीचं पत्र टाकलं आणि ते बेळगावात गुरुवारी पोचलं, तर? उशीर झाला. माघार समोरच्याला कळेल तेव्हाच त्याच्यापुरती पूर्ण होते, आणि स्वीकार त्याआधीच टपालात गेला होता. इंग्लंडमध्ये पत्र टाकताच दोघंही बांधले जातात, आपल्याकडे नाही. उत्तरात हे वाक्य हवंच.

फोनचा नियम निराळा. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल (ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे एआयआर, १९६६) ही केस आपल्या भागातल्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावी, सारांशावर भागवू नये. अहमदाबादहून फोनवर प्रस्ताव, बुलढाण्याच्या खामगावातून होकार. सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने ठरवलं की होकार जिथे ऐकला गेला तिथे, म्हणजे अहमदाबादेत संविदा झाली. न्या. हिदायतुल्ला यांचं मत वेगळं होतं: कलम ४ चे शब्द पाहता होकार तोंडातून निघाला की तो स्वीकारणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेला, म्हणून जागा खामगाव. दोन्ही मतं शेजारी शेजारी वाचली की कलमाचे शब्द कसे धरायचे ते कळतं.

हेच कोल्हापूर-निपाणीला लावा. कोल्हापूरहून प्रस्ताव, निपाणीतून होकार, तर संविदा कोल्हापुरात. म्हणजे सीमेपलीकडे, दुसऱ्या राज्यात. पण 'म्हणून निपाणीत दावा चालणारच नाही' असं लिहू नका. ही चूक फार होते. दावा कुठे चालतो ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २० सांगतं: प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो ती जागा, किंवा दाव्याचं कारण पूर्ण वा अंशतः घडलं ती जागा. माल निपाणीत द्यायचा ठरला असेल तर तिथेही कारण अंशतः घडतं.

उत्तर · वही_पेन

केसेसबद्दल. दहा-बारा नकोत, एका मुद्द्याला एक पक्की, फार तर दोन. प्रत्येकीच्या चारच ओळी: काय घडलं, प्रश्न काय होता, कोर्टाने काय ठरवलं, कोणत्या कलमातल्या कोणत्या शब्दावरून. चौथी ओळ लिहिता येत नसेल तर केस समजलेली नाही असं धरा.

उदा. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त (अलाहाबाद, १९१३). हरवलेल्या पुतण्याला शोधायला मुनीम गेला, मागाहून मालकाने ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुलगा सापडला तेव्हा मुनिमाला बक्षिसाची माहितीच नव्हती. बक्षीस नाही. शब्द कोणता? २(बी) मधली 'संमती'. जे ठाऊकच नाही त्याला संमती कशी देणार?

मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष (प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट, १९०३) मध्ये उलट खबरदारी घ्या. अज्ञान (वयात न आलेल्या) व्यक्तीची संविदा शून्य आहे असं कलम ११ मध्ये या शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही. तिथे फक्त कोण पात्र ते आहे. १० आणि ११ एकत्र वाचून प्रिव्ही कौन्सिलने ते ठरवलं. पेपरात 'कलम ११ नुसार शून्य' एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धं.

प्रॉब्लेम सोडवताना आधी तारखा आणि माणसं कच्च्या कागदावर. मग प्रश्न एका ओळीत, कलम, कलमातला शब्द या घटनेला कसा लागतो, शेवटी निकाल. केसचं नाव आठवलं नाही तर जागा सोडून पुढे जा. कलम लावणं चुकलं तर मात्र सगळंच चुकतं.

कलम ७३ ला (संविदा मोडल्यावरची भरपाई) आकडे घालून पाहा. ५० क्विंटल गूळ ४,००० रुपये दराने १० तारखेला द्यायचा ठरला, विक्रेत्याने दिला नाही. १० तारखेला बाजारभाव ४,६०० असेल तर भरपाई ६०० गुणिले ५०, म्हणजे ३०,००० रुपये. खरेदीदार महिनाभर थांबला आणि भाव ५,२०० झाला म्हणून ६०,००० मिळत नाहीत. कलमाखालचं पहिलंच उदाहरण ५० मण सोऱ्याचं आहे, ते हेच सांगतं. ही उदाहरणं कायद्याचाच भाग आहेत. ती सोडून गाईडमधली वाचणं म्हणजे घरची विहीर सोडून टँकरची वाट बघणं.

खानापूर_रोड

खूप आभार. आजच छापून घेतो. एक शंका राहिली. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात संचकार (इसार) देतात आणि 'व्यवहार मोडल्यास दिलेली सर्व रक्कम जप्त' असं लिहितात. तसं लिहिलं की सगळी रक्कम जातेच का?

उत्तर · कलम_वाचक

नाही. कलम ७४ बघा. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, कोर्ट तिच्या आत वाजवी भरपाई देतं. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास (१९६३) मध्ये १,१२,५०० रुपयांचा बंगल्याचा सौदा होता. इसार १,००० आणि नंतर दिलेले २४,०००. विक्रेत्याला इसाराचे १,००० ठेवता आले, जप्तीच्या अटीवर २४,००० ठेवता आले नाहीत. त्यापुढे कैलासनाथ असोसिएट्स (२०१५) वाचा: नुकसान झालंच नसेल तर भरपाईही नाही. म्हणून 'संचकार' म्हणून दिलेलं किती आणि किमतीपोटी दिलेलं किती, हे आधी वेगळं करायचं.

उत्तर · निपाणी_नाका

याच ओघात: जमिनीच्या सौद्यात समोरच्याला खरेदीपत्र करायला लावता येतं का, हे १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष (स्पेसिफिक रिलीफ) कायद्यात येतं. तो २०१८ मध्ये बदलला आणि बदल १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. सीनिअरकडून घेतलेल्या जुन्या आवृत्तीत 'हा आदेश देणं कोर्टाच्या मर्जीवर आहे' असंच छापलेलं सापडेल. पुस्तक घेताना आतल्या पानावर आवृत्तीचं वर्ष बघा. त्याआधीचं असेल तर ते प्रकरण इंडिया कोडवरून वाचा, बाकी पुस्तक चालेल.

खानापूर_रोड

बघितलं. इंग्रजी पुस्तक २०१६ चं आहे. ते प्रकरण साइटवरून वाचतो.